नापास केलेला व्हॉल्व्ह

२००५ साली नौदलाने मला नेदरलँड्सला पाठवलं तेव्हा घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याची चैन झाली. मी मास्टर चीफ होतो, निवृत्तीला टेकलेलो. आइंडहोवनजवळच्या एका कारखान्यात आमच्या जुन्या विमानवाहू जहाजासाठी वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह बनत होता. तो तपासून ताब्यात घ्यायचा, एवढंच काम. मूळ बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. जवळच्या न्यूनेन गावात अमोल नावाच्या पुण्याच्या आयटीवाल्या मुलाकडे खोली घेतली आणि रोज सायकलने कामावर जाऊ लागलो. गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, पण त्यांना विचारतो कोण.

शेजारच्या बेंचवर दुसऱ्या एका देशाच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू जहाजांचे सुटे भाग तयार होत. लोकांना अणुशक्ती म्हणजे जादू वाटते. तिथेही शेवटी पाणीच उकळतं आणि वाफच टर्बाइन फिरवते. चूल तेवढी वेगळी. फरक होता तो थाटात. त्यांच्या प्रत्येक भागाचं कूळ विचारलं जाई: पोलाद कुठल्या भट्टीतलं, ओतलं कोणी, जोडलं कोणी. सोयरीक जुळवतानाही एवढी चौकशी होत नाही. जरा शंका आली की भाग भंगारात, कारण मागे दुसरा तयार असे. आमचा एकच, आणि तोही उशिरा.

टेस्टच्या दिवशी फोरमन यानने पाण्याचा दाब चढवला. व्हॉल्व्हच्या पोटाशी एक थेंब जमला. पुसला. परत जमला.

"वेल्डिंग करून देतो," यान म्हणाला.

"हा शेजारच्या ऑर्डरचा असता तर?"

त्याने पंप बंद केला. "भंगार."

"मग हाही भंगारच. नवा ओता."

संध्याकाळी कमांडर साहेबांचा फोन आला.

"मास्टर, शिप निघतंय. वेल्ड करून पाठवा."

"नाही सर. फुटेल."

"जुना सेफ आहे?"

"तोही नाही, सर. थांबता आलं तर थांबा."

थांबता आलं नाही. ऑर्डर ती ऑर्डर. दाब कमी ठेवून जुन्या व्हॉल्व्हवरच जहाज निघालं.

जहाज निघण्याआधी बॉयलर रूमचा चीफ दत्ताराम सावंत याने मला फोन केला. आम्ही एका बॅचचे, उभा जन्म एकाच वाफेत शिजलेले. "बरा केलंस," तो म्हणाला. "पाझरणारो व्हॉल्व्ह आणू नको. खाली माझी पोरां आसत."

दोन महिन्यांनी सकाळीच बातमी आली. भर समुद्रात जुना व्हॉल्व्ह गेला होता. पहिला आवाज येताच सावंतने खालच्या तिन्ही पोरांना शिडीने वर पाठवलं आणि मागची वाफ बंद करायला स्वतः थांबला. वाफ बंद केली. वर आला नाही.

"काका, आज जाऊ नका," अमोल म्हणाला. "मी फोन करून सांगतो ना, सिक आहात म्हणून."

"नवा व्हॉल्व्ह आज टेस्टला आहे."

गेलो. पूर्ण दाबाला एक थेंबही आला नाही. मी पास म्हणालो. यानने हात पुढे केला, मला तो धरवेना. फार दमलो होतो. खरं सांगायचं तर तो थकवा अजून उतरलेला नाही.

परत आल्यावर मालवणला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा पुढे ठेवला आणि सरळ विचारलं, "तुम्ही तो पहिला व्हॉल्व्ह घेतला असता तर हे वाचले असते?"

"कदाचित, वहिनी."

"आणि ती पोरं?"

"जुन्याने निदान आधी आवाज दिला. तो पहिला फुटला असता तर न सांगता. मग कोणीच नाही."

त्यांनी माझा कप उचलला.

"मग तुम्ही बरोबरच केलंत, भावोजी. पण हे माझ्या तोंडून ऐकायला परत येऊ नका."

मी परत गेलो नाही. सावंतच्या तिथीला ती तिघं मात्र दरवर्षी बायकामुलांना घेऊन जातात. वहिनी त्यांना जेवायला वाढतात.