शांताआत्यांनी खाल्लेली फोड

आज दुपारी दवाखान्यात जे ऐकलं, ते तुम्हा सगळ्यांना सांगावंसं वाटतंय.

आमच्या शेजारच्या शांताआत्या पंचाण्णव वर्षांच्या आहेत. चार दिवस तापानं दवाखान्यात आहेत. मी सफरचंद कापून पुढं केलं, तर त्यांनी तोंड फिरवलं आणि रडायलाच लागल्या.

मग हळूहळू बोलल्या. स्वातंत्र्याच्या दहा वर्षं आधीची गोष्ट. सोलापुरात आमच्यासारख्यांकडं तेव्हा सफरचंद फक्त आजाऱ्याच्या उशाशी दिसायचं, म्हणाल्या. त्यांच्या थोरल्या भावाला विषमज्वर झाला होता. गिरणीत कामाला असलेल्या वडिलांनी त्याच्यासाठी कुठून तरी एकच सफरचंद आणलं. सात वर्षांची शांता दारातून बघत होती. भावानं तिला जवळ बोलावलं आणि एक फोड तिच्या हातावर ठेवली. "खा की. आईला सांगू नको."

तिसऱ्या दिवशी भाऊ गेला.

"त्येचं औषध मी खाल्लं गं," आत्या म्हणाल्या. "तवापासनं सफरचंद तोंडात घातलं न्हाय. मालकांनाबी कधी सांगितलं न्हाय."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. आत्यांना विचारून मी त्यांना सगळं सांगितलं. त्या पलंगावरच बसल्या. "आजी, त्या काळी या तापावर औषधच नव्हतं. ती फोड खाऊनही तो वाचला नसता."

"खरं सांगतीस?" आत्यांनी तीनदा विचारलं. मग माझा हात धरला. म्हणाल्या, "म्हंजी त्यानं मला खाऊच दिला हुता."

तुमच्या घरात कुणी एखादी गोष्ट आयुष्यभर खात नसेल, तर एकदा शेजारी बसून विचाराल का?