दाजींच्या गाडीचा शाफ्ट

आमच्या ह्यांना सगळी आळी ‘टेप’ म्हणते. खिशात कायम मोजायची टेप आणि तोंडाला कुलूप. डोंगरदगडांतून पळवायच्या गाड्यांना लोक उंच स्प्रिंगा बसवतात, मग गाडीचा मूळ शाफ्ट तोकडा पडतो. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा तो लोखंडी दांडा हे आमच्या वडिलोपार्जित गॅरेजात नव्याने, मापाने करून देतात. काकडी आणायला सांगितली तरी निरखून निरखून आणतील, असला माणूस. संसारात माझं डोकं उठतं, पण यांचा शाफ्ट आजवर कधी तुटला नाही.

आणि हात उगारणं तर यांच्या रक्तातच नव्हतं. यांचे वडील पट्ट्याने फोडून काढायचे, तेव्हा धाकट्या बहिणीला पाठीशी घालून हे मार खायचे. त्या बहिणीचा, म्हणजे माझ्या नणंदेचा नवरा, ते आमचे दाजी. मेल्याने जॅकच्या दांड्याने तिचा हात मोडला. प्लास्टर घालून ती आमच्याकडे आली आणि तिच्या मागोमाग हाही उगवला, उंच केलेली गाडी घेऊन. शाफ्ट करून द्या म्हणाला, गाडी तयार झाली की बायकोलाही घेऊन जातो. जशी काही दोन्ही दुरुस्तीला टाकली होती.

मला वाटलं, हे त्याला हाकलून देतील. हे म्हणाले, गाडीत बसा. शाफ्टचं माप घ्यायचं तर चाकं जमिनीवर हवीत आणि चालवणाऱ्याचं वजन गाडीत हवं. गाडी जॅकवर उचलून चाकं लोंबकळत ठेवली तर माप लांब येतं. मग पहिल्याच दगडावर मागच्या चाकांचा एक्सेल वर उचलला गेला की अंतर कमी पडतं आणि तो लांब शाफ्ट गिअरबॉक्स फोडून टाकतो. हे पाठीवर सरकत गाडीखाली गेले. वर बसून दाजीची बडबड सुरूच होती, बायकोचा दुसरा हात अजून शाबूत आहे वगैरे. खालून उत्तर येईना तसा त्याला चेव चढला आणि त्याने हँडब्रेक सोडला. गाडी वीतभर सरकली. यांच्या डाव्या हाताची बोटं चाकाखाली चिरडली. तो पोट धरधरून हसला. गंमत केली, म्हणाला.

बोटांना फडकं बांधताना माझा संताप मावेना. “जॅकवर घ्या माप,” मी म्हटलं. “लांब होऊ दे तो शाफ्ट. मरू दे मेल्याला पहिल्याच चढावर.”

“माप खोटं करणार नाही,” हे म्हणाले.

मग मी वाट्टेल ते बोलले. बुळे म्हटलं, हातात बांगड्या भरा म्हटलं. नणंद दारातच उभी होती, तिने सगळं ऐकलं. हे उठले आणि त्या तसल्या हाताने लेथवर कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाफ्ट गाडीला चढला. यांनी बोल्ट आवळले, ग्रीस भरलं, गॅरेजमागच्या दगडांवरून स्वतः गाडी फिरवून आणली, आणि पुन्हा खाली शिरून शाफ्टच्या सरकत्या जोडात आत जायला किती जागा उरते ते बघितलं. झाली, म्हणाले.

दाजीने किल्ली खिशात टाकली, तडक घरात शिरला आणि नणंदेला केसांना धरून फरफटत बाहेर आणलं. तिचा प्लास्टरचा हात उंबऱ्यावर आपटला.

“दाजी, गाडीचं काम संपलं,” हे म्हणाले, आणि कोपऱ्यातला जुना शाफ्ट उचलला.

पहिला घाव नडगीवर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माणूस आडवा झाला तरी हे थांबेनात. बरगड्यांवर, खांद्यावर, तोंडावर, मिळेल तिथे. जमिनीवर रक्त, त्यात दात. आणि मी हाणा, अजून हाणा म्हणत होते. आनंदच झाला होता मला, खोटं कशाला बोलू? आता डोकं फुटणार, तेवढ्यात नणंद मध्ये पडली. यांचा घाव तिच्या प्लास्टरवर बसला. प्लास्टर तडकलं, ती कोसळली, आणि यांच्या हातातला शाफ्ट गळून पडला.

ती आपली आपण उठली. नवऱ्याकडे ज्या नजरेने बघायची त्याच नजरेने तिने भावाकडे पाहिलं. हे पुढे झाले तर ती मागे सरकली. मग वाकून तिने नवऱ्याच्या खिशातली किल्ली काढून घेतली.

“दादा, माप बरोबर आहे ना?”

हे होकाराची मान डोलावत राहिले.

गॅरेजात वाढलेली पोर ती. तडकलेल्या प्लास्टरचा हात स्टिअरिंगवर टेकवून तिने गाडी सुरू केली, आणि कुणाला मागे येता येऊ नये म्हणून रस्ता सोडून मागच्या दगडांच्या चढावर घातली. गाडी एका अंगावर कलली, मागचं चाक वर गेलं, दाणकन खाली आदळलं, आणि गाडी पलीकडे उतरली.

दाजी आता कुबडी घेऊन चालतो. हे तुरुंगात जाऊन आले. नणंद त्याच्या घरी गेली नाही, आमच्याकडेही आली नाही. फोन नाही, निरोप नाही. कुठे असेल हो बिचारी, असं मी कधी म्हटलं की हे हातातलं काम थांबवतात आणि दर वेळी तेवढंच बोलतात.

“शाफ्ट तुटला असता तर कळलं असतं.”