आय इन्सिस्ट

आकुर्डीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. नाव विचारायचं राहूनच गेलं. उर्दू शाळेत शिकलेला, नुकताच कारखान्यात लागलेला. रोज इंग्रजीचा एक शब्द धरायचा, डोळे मिटून पुटपुटायचा आणि मग दिवसभर भेटेल त्याच्यावर चालवायचा.

त्या दिवशी ‘इन्सिस्ट’ होता. मी अर्थ सांगितला, आग्रह करणे.

“म्हणजे इसरार!” तो उसळलाच. “मेहमानाला आणखी एक रोटी वाढतो, तसा ना भाऊ?”

तेवढ्यात थेरगावच्या एक मावशी काकड्यांची पाटी घेऊन चढल्या. कंडक्टर खेकसला, “पाटी चालणार न्हाई, उतरा खाली!”

हा ताडकन उठला. पाटी स्वतःच्या जागेवर ठेवली आणि छातीवर हात ठेवून गरजला, “आय इन्सिस्ट!”

सगळी बस हसली. कंडक्टरलाही हसू आवरेना. त्यानं घंटी मारली.

मावशींनी त्याच्यापुढे काकडी धरली. “नको, नको,” म्हणत हा मागे सरकला. मावशींनी त्याचा हात ओढून काकडी मुठीत कोंबली. “खा गुमान! न्हाई म्हनायचं न्हाई.”

तो आनंदानं ओरडला, “अहो, यांना तर आधीपासून येतं!”