जमिनीवर बसणारी अक्षरं

सामानाच्या सगळ्या खोक्यांवर पेंटरने स्वतः लिहिलं होतं. 'काच आहे, सांभाळून.' 'ही बाजू वर.' तेही साधंसुधं नाही. लाल अक्षरं, त्यांना काळी शेड आणि डोक्यावर अशी सरळ रेघ, की पट्टीनेसुद्धा लाजावं. ट्रकमधून खोकी उतरवणाऱ्या हमालांनी ती अक्षरं मान वाकडी करकरून पाहिली, एकमेकांना दाखवली, आणि सगळी खोकी उलटी ठेवली. एका खोक्यात कपबश्या होत्या. होत्या, एवढंच आता म्हणायचं.

"बाबा, त्यांना आपलं वाचता येत नाही," लेक म्हणाली.

"पण दिसायला किती छान दिसतंय!"

"चित्र म्हणून छानच आहे. चित्र कसंही धरता येतं."

पोरगी तेरा वर्षांची होती, पण जीभ पंचवीस वर्षांची.

नव्या राज्यातला तो त्यांचा पहिला दिवस. बोली वेगळी, लिपी वेगळी, नळाचा खोकलासुद्धा वेगळा. दवाखान्याच्या आवारात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. भिंतींना नुकताच चुना दिलेला, त्यामुळे टेकून बसलं की पाठीवर पांढरा नकाशा उमटायचा.

इथे येण्याचं कारण पेंटरची बायको. ती नर्स. सारं जग तिला सिस्टर म्हणायचं, म्हणून घरात पेंटरही सिस्टरच म्हणायचा. "जगातला मी एकटाच, ज्याचं लग्न सिस्टरशी लागलं," हा विनोद तिने लग्नानंतर निदान हजार वेळा ऐकला होता आणि हजार वेळा नाक मुरडलं होतं. बावीस वर्षं वॉर्डात उभं राहिल्यावर तिला हेडसिस्टर केलं, पण जागा दिली ती परराज्यात. ती नको म्हणत होती. पेंटरने तिचं बोलणं पुरं होण्याआधीच खोकी आणली होती.

जुन्या गावात पेंटरचा हात म्हणजे हात होता. बाजारात शिरलात की त्याच्या अक्षरांखालून गेल्याशिवाय तुम्हाला साधी कोथिंबीर आणता यायची नाही. कापडवाला, चष्मेवाला, दातांचा डॉक्टर, सगळे त्याच्याच अक्षरांत उभे. इथे मात्र त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि कामाला बोलवावं तर लिपी परकी. तो स्वयंपाक करी, लेकीला शाळेत सोडी, आणि खिडक्या पुसत बसे. त्या काचा इतक्या स्वच्छ झाल्या की दोन चिमण्या येऊन आपटल्या.

सिस्टर हे सगळं बघत होती. बदली झालेल्यांना सहा महिन्यांत अर्ज करून मूळ जागी परत जाता येत असे. फक्त मग हेडसिस्टरपण सोडायचं आणि पुन्हा साधी सिस्टर व्हायचं. पाच महिने उलटल्यावर एका सकाळी चहा पिताना तिने पाहिलं, नवरा ओल्या बोटाने टेबलावर अक्षरं काढतोय. वाळली की पुन्हा काढतोय.

"मी येत्या सोमवारी अर्ज देते," ती म्हणाली.

"का? मला काय झालंय?"

"काही झालं नाही. काही होतच नाहीये, म्हणून तर."

"हे बघ सिस्टर, माझ्यामुळे तू पायरी उतरायची नाहीस."

"मग तुम्ही चढा की एखादी," ती म्हणाली आणि डबा उचलून निघून गेली.

पेंटरला ते लागलं. त्याच दिवशी तो आवारासमोरच्या लॉन्ड्रीत गेला. लॉन्ड्री चालवणाऱ्या मावशी साठीच्या, भरभक्कम, इस्त्री अशी फिरवत की जणू कुणाचा तरी सूड घेतायत. त्यांच्या दारावरची पाटी उन्हाने पार उडाली होती. बोलणं झालं ते अर्धं हातवाऱ्यांनी आणि अर्धं त्यांच्या भाषेत. आपण ते मराठीत ऐकू या.

"पाटी? काढ. पण येतं का तुला आमचं?"

"अक्षर ते अक्षर, मावशी. तुम्ही कागदावर लिहून द्या."

मावशींनी दुकानाचं नाव लिहून दिलं. त्याचा अर्थ होता 'शुभ्र'. पेंटरने पत्रा घासला, पिवळा रंग दिला, वाळवला. मग पाच महिन्यांनी डब्यातून ब्रश बाहेर आला आणि टर्पेंटाईनचा वास नाकात गेला, तेव्हा त्याला जेवल्यासारखं वाटलं. रेघ आखायची खडूची दोरी त्याने नेहमीसारखी वर ताणली आणि तिच्याखाली एकेक अक्षर नेमकं टांगलं. जी अक्षरं दोरीच्या वर डोकं काढत होती, त्यांना त्याने मापात आणलं. आणि मग, विचार करायच्या आत, हाताने डावीकडून उजवीकडे एक सणसणीत रेघ ओढली. बावीस-पंचवीस वर्षांत त्या रेघेशिवाय शब्द संपला नव्हता. हाताला काय ठाऊक राज्य बदललं ते!

दुपारी लोक जमले. त्यांच्या लिपीत डोक्यावर रेघच नव्हती. मावशी इस्त्री हातात घेऊन बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या.

"हे काय रे? माझी अक्षरं वाळत घातलीस?"

लॉन्ड्रीच्या दारातला विनोद; हशा व्हायचाच. पेंटरही हसला, पण कानाच्या पाळ्या तापल्या. "पुसतो," तो म्हणाला. रेघ पुसली. तेवढ्यात सायकलवरून पोस्टमन आला, पाय टेकून थांबला, डोळे बारीक करून पाटी वाचू लागला आणि म्हणाला, "मावशी, दुकानाचं नाव उंदीर कधी ठेवलंत?"

झालं होतं असं, की मापात आणलेल्या अक्षरांपैकी एकाचा तुरा उडाला होता, आणि तुरा उडाल्यावर 'शुभ्र'चा 'उंदीर' होत होता.

पेंटर घरी आला, ब्रश धुतले, आणि संध्याकाळी सिस्टर चपला काढते न काढते तोच म्हणाला, "तू अर्ज दे."

तिने का म्हणून विचारलं नाही. लेकीने शाळेतून येता येता सगळा प्रकार ऐकला होता आणि आईला जिन्यातच सांगून टाकला होता. सिस्टर एवढंच म्हणाली, "सकाळी मी डबा विसरणार आहे. अकरा वाजता वॉर्डात आणून द्या."

"विसरणार आहेस म्हणजे?"

"म्हणजे विसरणार आहे."

दुसऱ्या दिवशी अकराला पेंटर डबा घेऊन वॉर्डाच्या दाराशी पोचला. बायकोला कामावर असताना त्याने इतक्या वर्षांत कधी धड पाहिलंच नव्हतं. ती दारापाशी एका काळ्या फळ्यासमोर उभी होती आणि कुठल्या खाटेवर कोण, ते खडूने लिहीत होती. इथल्याच लिपीत. अक्षर तिचं आधीपासूनच गचाळ. इथे तर प्रत्येक नाव लंगडत चाललं होतं. पण ती न थांबता लिहीत होती. दाराजवळच्या खाटेवरची आजारी म्हातारी तिला पडल्या पडल्या टोकत होती.

"पोट काढ त्या अक्षराचं, पोट! उपाशी ठेवलंस बिचाऱ्याला."

"काढते हो आजी. तुम्ही आधी औषध घ्या, मग मी पोट काढते."

दोन तरुण नर्सा काहीतरी विचारायला आल्या. सिस्टरने त्यांच्या भाषेत चार शब्द सांगितले, दोन चुकले असावेत, कारण त्या हसल्या. पण सांगितलेलं करायला धावल्या. पेंटर डबा धरून उभाच. ही बाई इथे पाहुणी नव्हती. ती आपल्या घरात उभी असल्यासारखी उभी होती.

"आलात? हे बघा," ती म्हणाली आणि नवीन नावासाठी तिने आधी खडूने एक रेघ मारली. खाली. त्या रेघेवर तिने अक्षरं एकेक करून ठेवली. कुणाचं डोकं वर गेलं, कुणाचा पाय रेघेखाली लोंबला, तिने कुणालाच आवरलं नाही. "आपली अक्षरं वरून लटकतात. यांची खाली बसतात. मांडी घालून. मला महिनाभर कळलं नव्हतं."

"घरी कधी बोलली नाहीस ते?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्हाला वाटलं, अक्षर म्हणजे तुमचं खातं."

डबा तिच्या हातात द्यायचं विसरून पेंटर तसाच परत निघाला, आणि एका नर्सने धावत जाऊन तो आणला.

पुढचे तीन दिवस तो लेकीची वही समोर घेऊन बसला. शेचाळीस वर्षांचा माणूस बालवाडीतल्यासारखा जीभ बाहेर काढून गिरवत होता. लेक शेरे मारत होती. "हे अक्षर आहे की बटाटा?" चौथ्या दिवशी तो लॉन्ड्रीत गेला. मावशींनी इस्त्री थांबवली.

"परत उंदीर?"

"एकदाच बघा, मावशी. नाही जमलं तर पत्रा कोरा करून देतो."

दोरी त्याने खाली ताणली. हात सारखा वर पळायला बघायचा. तो थांबायचा, श्वास घ्यायचा, पुढचं अक्षर बसवायचा. जुन्या गावात हे काम चहा गार व्हायच्या आत झालं असतं. इथे संध्याकाळ झाली. झालेलं त्याने लांबून पाहिलं. एक अक्षर जाडं होतं, एक किंचित कललेलं. असं काम शिकाऊ माणसाने केलं असतं तर त्याने पुसायला लावलं असतं.

मावशी बराच वेळ बघत राहिल्या. "सुंदर नाही हं," त्या म्हणाल्या.

"नाही," पेंटर म्हणाला.

एवढ्यात पोस्टमन आला. पाटीकडे सहज नजर गेली, ओठ हलले, "शुभ्र", आणि तो पायडल मारत तसाच पुढे गेला. थांबला नाही, डोळे बारीक केले नाहीत, हसला नाही. आयुष्यभर पेंटरला लोकांनी थांबून दाद दिली होती. कुणी न थांबता निघून गेलं म्हणून जीव भांड्यात पडला, असं आज पहिल्यांदा झालं.

"आता 'उघडं' आणि 'बंद' अशी एक छोटी पाटी दे," मावशी म्हणाल्या. "दोन्ही बाजूंनी लिहिलेली. आणि त्या बंदला जरा बरं अक्षर काढ."

तो घरी आला तेव्हा सिस्टर टेबलाशी बसली होती. समोर कोरा कागद, हातात पेन.

"परवा सोमवार," ती म्हणाली. "काय लिहू?"

पेंटरने खुर्ची ओढली आणि कागद आपल्याकडे फिरवून घेतला. "त्यांच्यात 'बंद' कसं लिहितात ते लिही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पेन टेकवलं, थांबली, पुन्हा टेकवलं, आणि हसायला लागली. "अहो, मला नाही येत ते. आमचा वॉर्ड कधी बंदच होत नाही."

"मग?"

"मग काय, लेकीला हाक मारा."