सवितेच्या हातातला हिरवा चुडा

तुळजापूर आमच्या जळकोटाहून लांब नाही. दर वर्षी जाते, देवीपुढं उभी राहते, घरातलं सगळं सांगते. ही एक गोष्ट तेवढी तिथंही बोललेली नाही. देवीला ठाऊक असेल म्हणून नव्हे. तोंडच उघडत नाही. तुम्ही माझ्या नात्याचे नाही, गावचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे मी. जमेल तसं सांगते.

आमचं घर हमरस्त्याला लागून आहे. पुढची खोली केबलवाल्यांना दिली होती. तिथून रोज सकाळी सातला बातम्या लागायच्या. मोठ्या चॅनलसारख्या नव्हेत, आपल्या भागातल्या. कोण वारलं, दहावा कधी, लाइट कोणत्या वेळेला जाणार, बाजारात सोयाबीन काय भावानं गेलं, कुणाचं जनावर हरवलं. त्या बातम्या माझी सून वाचायची. सविता. माझा मुलगा महादेव नळदुर्गला डेअरीत जातो, त्याची बायको. मागं भिंतीला निळा फुलाफुलांचा पडदा, पुढं टेबल, टेबलावर प्लास्टिकची फुलं. कॅमेऱ्यावर गफूरभाई. भला माणूस. मला अम्मा म्हणायचा आणि माझ्या हातचा चहा घेतल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.

सविता वाचायची छान. भाकरी थापता थापता मोठ्यानं सराव करायची. "दुःखद निधन" म्हणताना असा आवाज लावायची, की वारलेला माणूस ज्यांच्या ओळखीचा नाही तेही चहाचा कप खाली ठेवायचे.

आणि मी? मी ओट्यावर बसायचे. लोक बातमी घेऊन यायचे ते आधी माझ्याकडं.

"आजी, आमचा बैल सुटून गेलाय. तांबडा हाय, एक शिंग मोडकं."

"मोडकं शिंग डावं का उजवं?"

"आता ते बैलालाच इचारावं लागंल."

"मग सापडल्यावर इचार आन मग ये. टीव्हीत अर्धवट सांगत न्हाईत."

असं चालायचं. माझ्यासमोर माणसं हात जोडून उभी राहायची. उद्या कुणाचं आधी वाचायचं, कुणाचं मागं ठेवायचं, ते मी आत जाऊन सवितेला सांगायचे. जन्मात मला कुणी काही विचारलं नव्हतं. सासूनं नाही, नवऱ्यानं नाही. म्हातारपणी सगळा गाव विचारायला लागला. ते मला किती गोड लागत होतं, हे तेव्हा कळलं नाही. बंद पडायची वेळ आली तेव्हा कळलं.

केबलच्या शेठनं धाराशिवला नवा स्टुडिओ बांधला. दसऱ्याच्या सकाळपासून बातम्या तिथून द्यायच्या ठरल्या. वाचणारी मात्र सविताच राहणार. महादेव तिला पहाटे मोटारसायकलवर नेणार, दुपारच्या एसटीनं ती परत येणार. शेठ घरी पेढे घेऊन आला. ओट्यावर बसून सगळ्यांसमोर म्हणाला, "आजी, आता बातम्यात तुमच्या कुकरची शिट्टी न्हाय वाजायची."

सगळे हसले. मीही हसले. कुकरची शिट्टी खरंच वाजायची, कोंबडंही आरवायचं. पण ते हसू माझ्या पोटात गेलं ते तिथंच बसलं. म्हणजे इतकी वर्षं आमचं घर ही एक अडचण होती तर?

आता पुढचं. हे मी स्वतःलाही पुष्कळ दिवस वेगळंच सांगत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सविता तुळशीला पाणी घालत होती. तिचा फोन घरात वाजला, मी उचलला. गफूरभाई होता. म्हणाला, "अम्मा, वहिनीला एवढं सांगा, उद्या हिरवं काही घालून येऊ नका. साडी नको, बांगड्या नको, काहीच नको. नवा पडदा हिरवा हाय. कॉम्प्युटर हिरवं तेवढं पुसतो आन तिथं दुसरं चित्र लावतो. अंगावर हिरवं असलं तर तेबी जातं. दिसतच न्हाय."

"सांगते," म्हटलं मी.

आणि सांगितलं नाही.

विसरले, असं मी मनाशी म्हणत आले. म्हातारं माणूस, सणाची गडबड, विसरायला होतं. खोटं आहे ते. मी विसरले नव्हते. सविता रिकामी बादली घेऊन आत आली, "कुणाचा फोन, आत्या?" म्हणाली. मला ती आत्या म्हणते. मी म्हटलं, "महादेवचा. उशीर होईल म्हणाला." इतकं चटकन विसरलेल्या माणसाला सुचतं का?

त्याच्यावरही मी एक पांघरूण घालून ठेवलं होतं. नवरात्रात कासारीण येतेच की. सवाष्णीनं देवीचा हिरवा चुडा भरायचा, ही आमची रीतच आहे. मी काय केलं? रीत मोडली नाही, एवढंच.

तेही खरं नाही. कासारीण त्या आठवड्यात आमच्या गल्लीत येऊन गेली होती, आणि सविता तेव्हा म्हणाली होती, "आत्या, दिवाळीला भरू." फोन आला त्या संध्याकाळी मी स्वतः चालत कासारणीच्या घरी गेले. तिला बोलावून आणलं. तिनं टोपली उघडली, विचारलं, "हिरव्या का लाल, आजी?"

मी म्हटलं, "हिरव्या. पार कोपरापातूर भर. उद्या सून सगळ्या जिल्ह्याला दिसणार हाय."

सविता लाजली. हात पुढं केला. चुडा भरून झाल्यावर रीतीप्रमाणं माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला. काय म्हणाले ते आठवतं, पण ते पुन्हा तोंडावर आणायची माझी लायकी नाही.

मला काय हवं होतं? तिचं वाईट व्हावं असं नव्हतं मनात. पहिल्याच दिवशी काहीतरी बिघडावं, हसं व्हावं, शेठनं म्हणावं, आपलं जळकोटच बरं होतं. पडदा, टेबल, गफूरभाई, सगळं परत माझ्या पुढच्या खोलीत यावं. लोक परत ओट्यावर यावेत. एवढ्यासाठी. दुसऱ्या कुणाचं काही जळत नव्हतं, जळत होतं ते माझं.

सकाळी गल्लीतल्या बाया आमच्या घरी टीव्हीपुढं जमल्या. लाल साडी, हिरवा चुडा, सविता नवरीसारखी दिसेल असं त्या म्हणत होत्या. सात वाजले. मागं डोंगरातून सूर्य वर येतोय असं हलतं चित्र. पुढं सविता. तिनं नमस्कार केला.

पंजे वेगळे आणि हात वेगळे. मनगटापासून कोपरापर्यंत काही नव्हतंच. दोन पंजे हवेत जोडलेले, आणि जिथं चुडा असायला हवा तिथून मागचा सूर्य दिसत होता.

एक बाई किंचाळली. दुसरी हसायला लागली. मग सगळ्याच हसल्या. टीव्हीतून शेठचा आवाज आला, "हात खाली, हात खाली घ्या!" सवितेला काय झालंय ते कळलंच नाही, पण तिनं हात टेबलाखाली घेतले. कागद टेबलावर राहिला. पहिलं पान वाचून झालं, पान उलटायला हात वर काढावा तर पुन्हा ओरडतील. ती थांबली. नुसती समोर बघत बसली. कोण वारलं ते सांगायचं होतं तिला आणि तिच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. एकदा तिनं बाजूला बघितलं — गफूरभाईकडं असेल. मग जाहिरात लागली.

ते चित्र दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. कुणी खाली लिहिलं, हात नसलेली बाई. कुणी लिहिलं, घरी भाकऱ्या कोण थापतं? आणखी कुणी लिहिलं ते वाईट होतं: सवाष्णीचा चुडा गेला, नवऱ्याला जपा.

सविता घरी आली आणि पदराखाली हात घेऊन बसली. तिथं ऐन वेळेला पोचल्यामुळं तिच्या हातांकडं आधी कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. शेठनं तिथं सगळ्यांसमोर बांगड्या काढायला सांगितल्या होत्या. तिनं नाही म्हटलं. देवीचा चुडा टीव्हीसाठी वाढवत नसतात, असं तिनं त्याला सांगितलं. बांगडी फुटली किंवा काढली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं — हे तिला मीच शिकवलेलं.

दोन दिवसांनी गफूरभाई जुना पडदा आणि लाइटचा स्टँड न्यायला आला. महादेव घरी होता. गफूरभाई म्हणाला, "वहिनी, शेठ म्हणालेत, झालं ते झालं. परवापासून या. लाल बांगड्या घालून या. लोक चार दिवसांत इसरतात." मग पडद्याची घडी घालता घालता म्हणाला, "पण मी तर अम्माला फोनवर सांगितलं होतं, हिरवं नको म्हणून."

सवितेनं माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही. नुसतं विचारलं, "आत्या, फोन आला होता का?"

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी बोलायचं होतं. हो. तेव्हा बोलले असते तर ती एका म्हातारीची चूक ठरली असती. चार शिव्या, दोन दिवसांचा रुसवा, आणि सविता परत टेबलामागं. इतकं सोपं होतं.

मी म्हटलं, "न्हाय बा. मला कुणाचा फोन आला न्हाय."

गफूरभाई माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या हातात तो निळा पडदा होता, अर्धा घडी केलेला. त्याला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. मग तो सवितेकडं वळून म्हणाला, "अम्मा बोलते तो नहीं आया होगा. मैंच भूल गया होंगा, वहिनी. कामाच्या धांदलीत मनातल्या मनात सांगितलं असंल."

माझं खोटं त्यानं माझ्या डोक्यावरून उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. आणि मी ठेवू दिलं. चहा घेणार का, असंही विचारलं त्याला. "नको अम्मा," म्हणाला. माझ्या घरात पहिल्यांदा तो नको म्हणाला.

हीच गोष्ट शेठपुढंही त्यानं तशीच सांगितली. शेठनं त्याला कॅमेऱ्यावरून काढलं आणि गल्लोगल्ली खांबावर वायर ओढायला लावलं.

इथं तरी थांबायचं होतं मी. थांबले नाही. सविता जायचं म्हणत होती. महादेवही हो म्हणत होता. मला वाटलं, ही गेली तर बातम्या तिथंच राहणार, कायमच्या. संध्याकाळी दिवा लावताना मी त्या दोघांना ऐकू जाईल असं म्हटलं, "देवीचा चुडा त्या यंत्रानं गिळला. असला शकुन बघून मी तर माझ्या सुनेला परत धाडली नसती."

सवितेचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडं गेला. महादेवनं मोटारसायकलची किल्ली खुंटीला अडकवली.

शकुन कसला? कॉम्प्युटर हिरवं पुसतो, मला गफूरभाईनं समजावून सांगितलं होतं. त्या घरात ते आधीपासून मला एकटीलाच ठाऊक होतं.

ती परत गेली नाही. स्टुडिओही परत आला नाही. तिच्या जागी दुसरी मुलगी आली, बरं वाचते. आमच्या पुढच्या खोलीत आता सोयाबीनची पोती आहेत. ओट्यावर कुणी येत नाही. मरणाची बातमी आता मोबाइलवरून थेट धाराशिवला जाते. सविता शाळेत मुलांची खिचडी शिजवते. कधी कुणी ओळखतं, "ती हात गायब झालेली तुम्हीच का हो?" तेव्हा ती हसून हात पुढं करून दाखवते, "हायेत की, बघा." भाकरी थापताना ती आता मोठ्यानं काही वाचत नाही. भाकरीचा आवाज तेवढा येतो.

त्या वर्षापासून ईदला गफूरभाईकडून शीरखुर्म्याचा डबा येतो. त्याचा भाचा आणून देतो. डबा घासून, त्यात साखर घालून मी परत पाठवते. तो स्वतः येत नाही.

यंदाच्या नवरात्रात कासारीण आली. टोपली उघडली, सवितेचा हात हातात घेतला आणि न विचारता हिरव्या बांगड्या काढल्या. सवितेनं हात मागं घेतला.

"लाल भरा, मावशी."

"अगं, देवीचा चुडा हिरवाच असतो."

"असू द्या. मला हिरवा लाभत न्हाय."

कासारणीनं माझ्याकडं बघितलं. घरात मोठी मी होते, रीत सांगायची ती मीच.

मी म्हटलं, "लाल भर."