भिंगरी आणि पलीकडची केबल

भिंगरी ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी एका जागी टिकायची नाही, म्हणून हे नाव मीच पाडलं. शिकून इंजिनियर झाली आणि बेटाच्या वीज ऑफिसात पवनचक्क्यांचं प्लॅनिंग करायला लागली. म्हटलं, बघा, माझं नाव फुकट नाही गेलं!

बहिणीचं घर डिझेलच्या वीजघराला लागून. सगळ्या बेटाची वीज तिथेच होते. वाळत घातलेल्या चादरींवर काजळी आणि बहिणीला बारमाही खोकला. "आई, ते धुराडं मी बंद करून दाखवते," भिंगरी म्हणाली होती. त्या एका हट्टापायी तिने टेकडीवर वारा मोजला, पक्ष्यांच्या वाटा तपासल्या, टेकडीखालच्या लोकांची बोलणी खाल्ली. लग्नाचं काढलं की म्हणायची, "मावशी, आधी चक्क्यांचं उरकू दे."

"चक्क्यांना सासू नसते गं, म्हणून गोड लागतात तुला!"

परवानगी मिळाली. पाच वर्षांत चक्क्या उभ्या करा, नाहीतर परवानगी रद्द. पण वारा पडला की वीज पलीकडच्या किनाऱ्यावरून यायला हवी, जास्त झाली की पलीकडे जायला हवी. त्यासाठी समुद्राखालून केबल हवी, आणि केबलशिवाय चक्क्या उभारू देत नाहीत. पलीकडच्या ग्रिडवाल्यांनी, म्हणजे तिथलं विजेचं जाळं सांभाळणाऱ्यांनी कळवलं, जोडणी मागणाऱ्यांची रांग मोठी आहे, तुमचा नंबर नऊ वर्षांनी.

"काहीतरी चुकलं असेल त्यांचं," मी म्हटलं.

"माझं चुकलं, मावशी. मी आधी टेकडी मागितली, मग केबल. रांगेत आधी उभं राहायला हवं होतं."

मुदतवाढ मागितली, मिळाली नाही. तिच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "बाई, लोकांना वीज आज लागते." नवीन डिझेल इंजिन ठरलं. त्याचं प्लॅनिंगही हिच्याच गळ्यात; ऑफिसात दुसरं आहे कोण? वीजघरात जागा नव्हती. मोकळा तुकडा एकच, बहिणीच्या परसाला चिकटून. भिंगरीने तोच आखला.

काल ती नकाशा घेऊन आईकडे आली. मीही तिथेच होते. बहिणीने चष्मा लावला, नकाशावर आपलं परस बोटाने शोधलं.

"नवं धुराडं कुठल्या अंगाला?"

"तुझ्या झोपायच्या खोलीकडे."

"मग खाट हलवावी लागेल," बहीण म्हणाली. भिंगरीने एक बाजू धरली, मी दुसरी, आणि आम्ही ती खाट स्वयंपाकघरात नेऊन टाकली.