जयवंताकाकूचं हूं

जयवंताकाकूनं जन्मभर काय केलं असं कोणी विचारलं, तर मी सांगतो, तिनं हूं म्हटलं. हसू नका. मीही हसलो होतो, आणि ते हसणं मला चांगलंच भोवलं.

काकूचा नवरा, देवाजी पराते, हातमागावर लुगडी विणायचा. दोघं उमरेडहून आले आणि नंदनवन वस्तीत आमच्या शेजारच्या टिनाच्या खोलीत माग टाकून राहिले. मूलबाळ नव्हतं. काका धोटा फेकता फेकता कहाण्या सांगायचा आणि काकू बाजूला बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता हुंकार द्यायची. त्याचं एक वाक्य, तिचं एक हूं. हूं आलं नाही तर काका मागासकट थांबायचा. म्हणायचा, "हुंकार नाही तं मी कहाणी कोणाले सांगून राहिलो? भितीले?" काकू चुलीपाशी असली तरी तिथून हूं यायचंच.

चौऱ्याहत्तर साली आम्ही चार पोरं त्यांच्या भिंतीपलीकडे रॉक बँड वाजवायचो. नाव 'द शटल्स', म्हणजे धोटे, कारण मी ड्रमवर धरायचो तो ठेका काकाच्या मागाचाच उचललेला. कॉलेजच्या गॅदरिंगात तीच ती इंग्रजी गाणी वाजवून वीट आला होता. एक दिवस आमचा गिटारवाला शालिकराम म्हणाला, "अबे ताराचंद, काकाच्या कहाणीचंच गाणं करू ना!"

आम्ही निवडलेली कहाणी अशी. एका गावचं तळं उन्हाळ्यात आटायचं, आणि उघडं पडलं की त्याला लाज वाटायची. त्यानं कोष्टिणीला लुगडं मागितलं. ती विणायला बसली. तळं रोज विचारायचं, किती हात झालं? शेवटच्या हाताला सूत संपलं, तेव्हा तिनं आपले केस कापून विणले.

आमची पहिली छोटी तबकडी निघणार होती. सुरुवातीला काकाच्या आवाजात कहाणीची चार वाक्यं, मग गिटार. काका नवं धोतर नेसून स्टुडिओत आला. काकू सोबत होतीच. रेकॉर्डिंगवाले साहेब म्हणाले, "आत दुसरा आवाज नको. बाईंना बाहेर बसवा." मी काकूला बाहेर बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं. मीच लावलं, दुसऱ्या कोणी नाही.

काका म्हणाला, "एक तळं होतं," आणि थांबला. साहेब काचेमागून हातवारे करत होते. काका बंद दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जयवंता, हूं म्हण ना वं." आम्ही खो खो हसलो. चार वाक्यांत तो चारदा थांबला, चारदा हाक मारली, आणि साहेबांनी हात हलवला की नाइलाजानं पुढं गेला. साहेब वैतागून म्हणाले, "जाऊ द्या, फितीची नक्कल काढून कात्री लावतो." कात्री लागल्यावर काका कसा घडाघडा बोलायला लागला! आम्ही खूश. अक्कल शेण खायला गेली होती आमची.

तबकडी छापून यायला चार महिने लागले. तेवढ्यात काविळीनं काका गेला. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नव्हता. काकू मला दिसली की एकच विचारायची, "थाळी आली का गा, बाबू? एक डाव त्याचा आवाज ऐकू दे मले." दुसरं काही मागणं नव्हतं बाईचं.

तबकडी आली. शालिकरामाचा रेकॉर्ड प्लेअर घेऊन आम्ही तिच्या खोलीत गेलो. काकूनं हातपाय धुतले, पदर सावरला आणि चरखा पुढ्यात ओढून बसली.

"एक तळं होतं."

"हूं," काकू म्हणाली. पण काका पुढं गेला होता. तिचं हूं दुसऱ्या वाक्यावर पडलं. पुढचं तिनं घाईनं म्हटलं, तेही चुकलं. चौथ्याला तिनं तोंड उघडलं आणि गिटार सुरू झाली, मागोमाग माझे ड्रम. तेव्हा वाटलं, हात तोडून टाकावेत आपले.

गाणं संपल्यावर काकू म्हणाली, "इतकी वर्सं थांबला. आता काहून नाही थांबला गा माह्यासाठी?" आणि ती रडायला लागली. काका गेला त्या दिवशी ती इतकी रडली नव्हती.

मी म्हटलं, "काकू, तो थांबला होता. आम्ही कापलं ते."

"राहू दे, बाबू. माही समजूत नोको काढू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी स्टुडिओत गेलो. साहेबांच्या हातापाया पडून मूळ फीत शोधायला लावली. ती निघाली. फीत आणि वाजवायचं मशीन सायकल रिक्षात घालून मी काकूकडे आलो. काकू चरख्याला हात लावायला तयार नव्हती. भिंतीला टेकून बसली.

"एक तळं होतं."

मग काहीच नाही. फीत फिरत होती. काकूनं मान वर केली. तिचा विश्वास बसत नव्हता.

"जयवंता, हूं म्हण ना वं."

"हूं," काकू म्हणाली. आणि काका पुढं निघाला.

चारही हुंकार तिनं दिले, एकही चुकला नाही. फीत तिथंच संपली, कारण आम्ही त्याच्याकडून चारच वाक्यं मागितली होती. मी मशीन बंद करायला उठलो तर काकू बोलायला लागली. जन्मात कधी जिनं कहाणी सांगितली नव्हती, ती म्हणाली, "मंग तळ्यानं कोष्टिणीले इचारलं, किती हात झालं?"

आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

मी खाली बसलो. म्हणालो, "हूं."